येरमाळ्याचं कन्नड

शिवलीला ओसरीत बसून सोयाबीनचे कोंब मोजत होती, तेव्हा दारात मोटरसायकल थांबली. चार दिवसांपूर्वी तिनं ओल्या पोत्यात शंभर दाणे मांडून गुंडाळून ठेवले होते. त्यातले किती उगवतात त्यावर यंदा घरचंच बियाणं पेरायचं की दुकानातलं आणायचं, ते ठरणार होतं. ती एकसष्टवर आली होती. मोटरसायकलवरून दोघं उतरले, मागच्यानं डोळ्यांवरचा गॉगल काढला, आणि मोजणी तिथंच बोंबलली.

तो गौरीशंकर होता. फोटोत दिसायचा त्याहून अंगानं भरलेला, पण तोच.

आता हा गौरीशंकर कोण ते आधी सांगितलं पाहिजे, कारण दोन वर्षं ह्या घरात त्याचं नाव कुणी तोंडातून काढत नव्हतं. शिवलीला ही सास्तूरच्या शिवलिंगप्पांची एकुलती एक लेक. गौरीशंकर उमरग्याच्या पलीकडचा, कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावचा, मस्कतला एसी बसवायच्या कंपनीत कामाला. स्थळ दोन्ही घरांना पसंत होतं. दोघं पंधरा दिवस फोनवर बोललीसुद्धा होती. सुपारी फोडायचा दिवस ठरला. मुलगा परदेशात, म्हणून त्याचे वडील शरणबसप्पा चार सोयऱ्यांना घेऊन सास्तूरला आले. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली होती, ताटात नारळ-सुपारी मांडली होती, आणि मधोमध शिवलीलाचा उमरग्याचा मामा बसला होता. स्थळ त्यानंच आणलेलं, त्यामुळं त्या दिवशी त्याचा रुबाब विचारू नका. तेवढ्यात शरणबसप्पांचा फोन वाजला. पोराचाच फोन! म्हाताऱ्याला कोण आनंद झाला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्यांनी स्पीकर लावला आणि फोन ताटाशेजारी ठेवला.

फोनमधून आवाज आला, "अप्पा, नंगा ई हुडगी ब्याडा! ब्याडा अंद्रे ब्याडा!" मग एक खदखदून हसू, आणि फोन बंद.

त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला कन्नड येत होतं. ब्याडा म्हणजे नको. मला ही मुलगी नको, नको म्हणजे नको. दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या शिवलीलालाही कन्नड येत होतं. परत लावला तर फोन लागेना. शरणबसप्पा कुणाच्या तोंडाकडं न बघता उठले, चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसले. सुपारी ताटात तशीच राहिली.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मामा उमरग्याला गेला आणि भेटेल त्याला सांगत सुटला, "पोरानं एवढ्या लांबून फोन करून नको म्हटलं, म्हंजे त्याला कायतरी कळलं असणार की!" कायतरी! ह्या शब्दासारखा हलकट शब्द नाही. ज्याच्या मनात जी घाण असेल ती त्यात भरता येते, आणि लोकांनी ती भरली. कॉलेजातल्या पोराशी काहीतरी होतं म्हणे. कुणी म्हणालं, पोरीला फिट येते. दोन वर्षांत सात स्थळं आली, चहा पिऊन गेली, आणि गेली ती गेलीच.

आणि बापानं काय केलं? पाहुणे गेले त्या संध्याकाळी शिवलिंगप्पांनी लेकीच्या हातातला मोबाईल हिसकावला आणि गुरांच्या हौदात फेकला. "पंधरा दिवस काय बोलत व्हतीस त्याला? काय सांगितलंस?" ती म्हणाली, "कायबी न्हाय, अप्पा." त्यांनी परत विचारलं, तिनं परत तेच सांगितलं. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा बारा दिवसांवर आली होती. तीही त्यांनी बंद केली. प्रत्येक स्थळ मोडलं की शिवलिंगप्पा जेवता जेवता थांबायचे आणि तोच प्रश्न विचारायचे, "खरं सांग, काय बोलली व्हतीस?" दोन वर्षांत हे ऐकून ऐकून शिवलीलाचे कान किटले होते. तिला आता लग्नाचं काही पडलं नव्हतं. अप्पांनी एकदा, फक्त एकदा, आपल्या तोंडानं म्हणावं, "पोरी, तुझं काय चुकलं नव्हतं," एवढंच तिला हवं होतं. त्या एका वाक्यासाठी तिचा जीव अडकला होता.

आणि आज तोच गौरीशंकर दारात उभा.

"अप्पा हायेत का घरात?" त्यानं विचारलं.

"काय काम हाय?" शिवलीला बसल्या जागेवरून हलली नाही.

त्याच्याबरोबरचा दुसरा, उंच, बारीक मिशीचा, रुमालानं मान पुसत पुढं आला. "वैनी, आधी घोटभर पाणी तरी द्या! येरमाळ्यापासनं उन्हात गाडी मारत आलोय."

वैनी! शिवलीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या माणसाला तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"कुणाची वैनी?" ती ताडकन उठली. "हितं तुमची कोण वैनी राहती? दार चुकलाव तुमी."

"न्हाय वो, दार बरोबर हाय," तो दात काढत म्हणाला. "माझं नाव रणधीर. ह्याचा दोस्त. मस्कतला एका खोलीत व्हतो आमी."

आवाज ऐकून शिवलिंगप्पा आतून बाहेर आले. त्यांनी गौरीशंकरला पाहिलं आणि त्यांचा चेहरा काळानिळा झाला. "तू? माझ्या दारात? पाय मागं घे! उंबऱ्याच्या आत आलास तर तंगडं मोडून हातात दीन!"

गौरीशंकरनं हात जोडले. रणधीर मध्ये पडला आणि शिवलिंगप्पांना म्हणाला, "मामा, शिव्या द्या, मारा, पण एकडाव ऐकून घ्या. त्या दिवशी फोनवर बोलला तो ह्यो न्हवताच. म्या व्हतो."

शिवलीलाची आई रुद्रम्मा पिठाच्या हातानं दारात आली होती. तिनं तोच हात तोंडावर ठेवला. शिवलिंगप्पांचा वर उचललेला हात खाली आला. मग ते बाजूला झाले आणि म्हणाले, "आत या."

दोघं खोलीत येऊन खुर्च्यांकडं वळले, तशी शिवलीला म्हणाली, "उभ्यानं सांगा."

"अगं, बसू दे की त्यास्नी," शिवलिंगप्पा म्हणाले. आणि ते बसले! दोन वर्षं ज्याचं नाव ह्या घरात निघत नव्हतं, तो आरामात पाठ टेकून बसला. शिवलीला दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. पाणी तिनं दिलं नाही. रुद्रम्मानं दिलं.

रणधीर सांगू लागला, आणि सांगताना त्याला मजा येत होती, हे लपत नव्हतं. मस्कतच्या खोलीत सहा जण. दिवसभर उन्हात गच्चीवर मशिनं बसवायची, संध्याकाळी खोलीत येऊन एकमेकांची टिंगल करायची, दुसरी करमणूक काय? गौरीशंकर खोड्यांत एक नंबर. त्यानं एकदा सगळ्या कॅम्पात पसरवलं की रणधीर मोठा ज्योतिषी आहे, येरमाळ्याच्या येडाईदेवीचा त्याच्या डोक्यावर हात आहे. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी दारासमोर केरळचे, नेपाळचे, पंजाबचे चाळीस जण तळहात पसरून रांगेत उभे! रणधीर 'न्हाय न्हाय' म्हणतो तसतसा लोकांचा विश्वास वाढतो. रणधीरनं मग गौरीशंकरच्या बॅगेतले कपडे काढून विटा भरल्या, वगैरे वगैरे. हे ऐकताना शिवलिंगप्पांच्या ओठाचा कोपरा हलला. शिवलीलाला ते दिसलं.

"मुद्द्याचं सांगा," ती म्हणाली.

"सांगतो वैनी. मेसमधी आचारी बिदरचा व्हता, कन्नड बोलणारा. आता आमी येरमाळ्याकडचे, आमाला कुठलं आलंय कन्नड? म्या ह्याला इचारलं, बाबा, अजून भात पायजे आसंल तर काय म्हणायचं? तर ह्यानं सांगितलं, ब्याडा म्हण. पायजे म्हंजे ब्याडा, आन् नको म्हंजे बेकू. पार उलटं!" रणधीरनं गौरीशंकरच्या मांडीवर थाप मारली. "मी ताट पुढं करून म्हणायचो, ब्याडा, ब्याडा! आन् आचारी पळी घिऊन पुढल्या ताटाकडं जायचा. दोन दिवस अर्धपोटी झोपलो. मला वाटायचं, ह्या आचाऱ्याचं आन् माझं काय वाकडं हाय?"

रुद्रम्मा पदराआड हसली. खरंच हसली.

"तेवढ्यात ह्याच्या सुपारीचा दिस आला. आवाज मला कुणाचाबी काढता येतो, लहानपणापासनं. ह्यो अंघोळीला गेल्यावर ह्याच्याच फोनवरनं ह्याच्या बापाला लावला. मला म्हणायचं व्हतं, अप्पा, मला ही पोरगी पायजे, पायजे म्हंजे पायजे! म्हंजे चार लोकांत कशी फजिती झाली असती, नवरदेव किती उतावळा म्हणून! बाकीचं वाक्य ह्याच्या बोलण्यातनं ऐकून पाठ केलेलं, पण पायजेच्या जागी तोंडातनं गेलं ब्याडा. ह्यानंच शिकवलेलं." त्यानं कान पकडले. "एवढीच चूक, मामा. फोन मग म्याच बंद करून ठिवला."

एवढीच चूक. तिची परीक्षा, तिचं नाव, सात स्थळांचा चहा, अप्पांचा प्रश्न, सगळं कशावरून? तर भाताच्या पळीवरून.

"हे कळलं कधी तुमास्नी?" तिनं विचारलं.

रणधीरनं गौरीशंकरकडं पाहिलं. गौरीशंकरनं घसा खाकरला. आल्यापासून तो पहिल्यांदाच नीट बोलला. "गेल्या महिन्यात. काम संपवून परत निघालो, तवा इमानतळावर ह्यानं सांगितलं. तवर मला कायबी ठावं न्हवतं."

"मग सुपारी कशी मोडली, तुमच्या बापानं तुमास्नी सांगितलं न्हाय?"

"सांगितलं की. शिव्या दिल्या. म्या म्हणालो, म्या फोनच केला न्हाय. त्यांचा इश्वास बसंना. तुमचा फोनबी बंद लागत व्हता."

"माझा हौदात व्हता. अप्पांचा चालू व्हता."

गौरीशंकरनं ते ऐकलंच नाही असं दाखवलं आणि शिवलिंगप्पांकडं वळला. "मामा, झालं ते वाईट झालं. पण म्या अजून लगीन केलं न्हाय. आमचे अप्पाबी तयार हायेत. राहिलेली सुपारी तेवढी फोडून टाकू. हुंडा न्हाय, मानपान न्हाय, कायबी नको."

काय उपकार! खरी गोष्ट अशी होती की पठ्ठ्या वयाची बत्तिशी गाठून बसला होता. मस्कतचं काम सुटलेलं, गावात राहणाऱ्या पोराला आजकाल कोण मुलगी देतो? महिनाभर तो स्थळं बघत हिंडत होता आणि सगळीकडून नकार खात होता. मग त्याला आठवलं की सास्तूरला एक मुलगी आहे, तिचं लग्न आपल्यामुळंच राहिलंय.

पण शिवलिंगप्पांना ह्यातलं काही दिसत नव्हतं. त्यांचे डोळे पाणावले होते. दोन वर्षांचं मानेवरचं ओझं उतरलं होतं, आणि उतरवणारा जावई होऊन समोर बसला होता. "पोरीच्या नशिबात व्हतं ते फिरून दारात आलं म्हणायचं," ते म्हणाले. "रुद्रम्मा, चा ठेव. साखर जास्त टाक."

लेकीकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ती वाट बघत होती. आता म्हणतील, आत्ता म्हणतील. इतकं सगळं कानांनी ऐकलं, आता तरी वळून म्हणतील, पोरी, तुझं काय चुकलं नव्हतं. शिवलिंगप्पा साखरेचं बोलत होते.

"चा थांबू दे, अव्वा," शिवलीला म्हणाली. "अप्पा, आधी मामाला फोन लावा."

"मामाला? कशाला?"

"त्या दिवशी मामा ह्याच खोलीत व्हता. 'कायतरी' म्हणून गावभर त्यानंच केलं. आता ह्यांनी त्याला सांगावं, काय झालं ते. स्पीकर लावून."

"अगं, आता गोड व्हतंय तर—"

"लावा म्हणते ना!"

तिचा असा आवाज शिवलिंगप्पांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी फोन लावला आणि टीपॉयवर ठेवला. मामानं उचलला. रणधीरनं दुसऱ्यांदा सगळी कथा सांगितली, आणि दुसऱ्यांदा ती जास्तच रंगली. आचाऱ्याचा आवाज काढला, शरणबसप्पांचा काढला, अर्धपोटी झोपल्यावर पोट कसं गुरगुरत होतं तेही काढून दाखवलं.

पलीकडं मामाचं हसू फुटलं. "आयला! काय सांगता! भात पायजे म्हणून ब्याडा? अन् तेच बापाला? अरारारा!" त्याला ठसका लागला. इकडं रणधीर हसायला लागला, गौरीशंकर मांडीवर हात मारून हसायला लागला, रुद्रम्मा पदर तोंडात कोंबून हसत होती, आणि शिवलिंगप्पा, तिचा बाप, तोही हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळा हसला.

शिवलीला बघत राहिली. हे तिनं मागितलं होतं. खरं चार लोकांसमोर बाहेर यावं म्हणून ती अडून बसली होती, आणि आता ते आलं तर त्याची नक्कल झाली. इथून पुढं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत हा किस्सा रंगणार, भात वाढणाऱ्याला लोक 'ब्याडा ब्याडा' म्हणणार, आणि ती समोर असली तर तिच्याकडं बघून जास्तच हसणार. तिला वाटलं, तो फोन उचलावा आणि भिंतीवर फोडावा.

"आयला, भारीच की रे गड्या," मामा पलीकडून म्हणाला. अजून त्याचा श्वास जागेवर आला नव्हता. "मग तुला कवा कळलं रे, गौरीशंकर?"

"त्याच दिवशी संध्याकाळी!" गौरीशंकर हसण्याच्या भरात बोलून गेला. "ह्यो मोठ्या तोऱ्यात खोलीत सांगायला लागला, तुझ्या बापाला म्हणालो, पोरगी ब्याडा! समदी खोली लोळली. मी तर पोट धरून—"

तो थांबला. पण उशीर झाला होता.

फोनमधून मामाचं "आं?" एवढंच ऐकू आलं. शिवलिंगप्पांचं हसू ओठांवरच वाळलं. त्यांनी हात लांब करून फोन बंद केला.

"त्याच दिवशी," शिवलीला म्हणाली. "आन् इमानतळावर काय कळलं मग?"

"तसं न्हाय, तुमी आधी ऐका—"

"म्या म्हणालो व्हतो ह्याला!" रणधीर उठून उभा राहिला. त्याची मस्करी कुठच्या कुठं पळाली होती. "येडाईची आण, वैनी, त्याच रातीला म्हणालो, मर्दा, घरी फोन करून सांग, पोरीकडच्यांला सांग, पाहिजे तर माझं नाव घे. ह्योच म्हणाला, राहू दे, झालं ते बरं झालं. आणखी दोन वर्सं मोकळं राहायला मिळंल."

"गप ये!" गौरीशंकरही उठला. "फोन कुणी केला? म्या केला का? आग लावली तू, आन् आता माझ्या अंगावर ढकलतो व्हय रे?"

"उलटं कुणी शिकवलं मला? आज खोटं बोलायलाबी तूच लावलंस. इमानतळाचं सांग म्हणून गाडीवर चारदा घोकून घेतलंस!"

"मैतर म्हणून आणला तुला, आन् तू—"

"मैतर? कसला मैतर? तुझ्यापायी मी हितं कान धरून उभा राहिलो!"

दोघांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या. पाण्याचा तांब्या लवंडला, सतरंजी भिजली. दोन वर्षं एका ताटात जेवलेली, एकमेकांच्या खोड्यांवर जगलेली ही माणसं आता एकमेकांचा गळा घोटायला निघाली होती. शिवलीलाला त्यांची ना कीव आली ना राग आला. नुसती किळस आली.

"तुमचं भांडण रस्त्यावर जाऊन करा," ती म्हणाली. "दोघंबी. चला."

गौरीशंकरनं रणधीरला ढकललं आणि तिच्याकडं वळला. आता त्याचा सूर बदलला. "शिवलीला, चुकलं माझं. मान्य करतो. पण आता तुमी जरा इचार करा. तुमचंबी वय व्हत चाललंय. ह्यो किस्सा आता बाहेर फुटणार. म्या केलं लगीन, तर समदं झाकलं जाईल. न्हायतर पुन्ना कोण येणार हाय हितं?"

ती काही बोलायच्या आत शिवलिंगप्पा उठले. त्यांनी दाराशी काढून ठेवलेली आपली चप्पल हातात घेतली आणि गौरीशंकरच्या खांद्यावर एक ठेवून दिली. दुसरी पाठीत बसली. मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. मराठीतल्या शिव्या संपल्यावर कन्नडातल्या आल्या. गौरीशंकर गॉगल तिथंच टाकून पळाला. रणधीर आधीच मोटरसायकलवर बसला होता. त्यानं गाडी चालू केली आणि गौरीशंकर मागं बसायच्या आतच सोडली. गौरीशंकर थोडं अंतर गाडीमागं धावला आणि मग रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्याला शिव्या देऊ लागला. गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन बघत होती. शिवलिंगप्पा रस्त्यापर्यंत गेले. "परत ह्या गल्लीत दिसलास तर जित्ता जाणार न्हायस!" ते ओरडले. समोरच्या घरातून कुणीतरी "काय झालं, अण्णा?" विचारलं, त्यालाही त्यांनी छाती पुढं काढून सांगितलं, "काय न्हाय, हलकट माणसं व्हती, हाकलून दिली!"

ते आत आले. धाप लागली होती, पण चेहऱ्यावर तरतरी होती. खुर्चीत बसून त्यांनी पाणी मागितलं, गटागटा प्यायले आणि मिशीवरून हात फिरवला. "बरं झालं सुटलो. असल्या घरात पोरगी दिली असती तर जन्माचं वाटोळं झालं असतं. बघितलं का कसा पळाला? शिवलीला, चा कर आता. मस्त आलं घालून कर."

शिवलीला हलली नाही.

"काय गं? कर की."

"अप्पा, त्यास्नी हाकललंत, ते बरं केलं," ती म्हणाली. "पण माझा मोबाईल हौदात त्यांनी न्हाय टाकला. परीक्षा त्यांनी बंद न्हाय केली."

"शिवे, बापाशी बोलतीस तू," रुद्रम्मा आतून म्हणाली.

"अव्वा, तू मधी पडू नको. तूबी हसलीस." शिवलीला बापासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज खाली येत नव्हता. "त्या येरमाळ्याच्या माणसाला कन्नड येत न्हवतं, म्हणून त्याचं चुकलं. तुमास्नी तर माझं बोलणं समजत व्हतं ना, अप्पा? म्या मराठीत सांगितलं, कन्नडात सांगितलं, पायावर डोकं ठिवून सांगितलं, म्या त्याला कायबी बोलले न्हाय. दोन वर्सं सांगितलं. तुमास्नी का कळलं न्हाय?"

शिवलिंगप्पांच्या मिशीवरचा हात खाली आला. ते भिंतीकडं बघू लागले, मग हातातल्या रिकाम्या पेल्याकडं. त्यांनी तोंड उघडलं. दोन वर्षं जिची वाट पाहिली ती गोष्ट आता त्यांच्या ओठांवर येईल असं शिवलीलाला एक क्षण खरंच वाटलं.

"लोक काय काय म्हणत व्हते, ते तुला ठावं न्हाय," ते शेवटी म्हणाले.

"लोकांचं न्हाय इचारलं म्या," शिवलीला म्हणाली, आणि तिथंच त्यांच्यासमोर उभी राहिली.